एकही नकार नसलेला सर्व्हे

दारावरची_टकटक

बरीच वर्षं इथे वाचनमात्र होते. आज पहिला धागा काढते आहे, सांभाळून घ्या.

मी आरोग्य सर्वेक्षणांत फिल्डवर काम करते. घरोघर जायचं, माहितीपत्रक वाचून दाखवायचं, संमतिपत्रावर सही किंवा अंगठा घ्यायचा आणि मग टॅबवर प्रश्न विचारत जायचे. कधी वजन-उंची, कधी रक्तदाब, कधी बोटातून रक्ताचा थेंब. मागच्या आढावा बैठकीत आमच्या सुपरवायझरनी एका जोडीचं सगळ्यांसमोर कौतुक केलं. त्यांच्या यादीत एकही नकार नव्हता. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. रात्री मात्र ते डोक्यातून जाईना. इतक्या घरांत एकालाही नको वाटलं नसेल? कुणाचं तान्हं मूल रडत असेल, कुणी कामावर निघालं असेल, कुणाला बोट टोचून घ्यायचीच भीती असेल. एकही नाही?

दुसऱ्या दिवशी टॅबकडे जरा नीट पाहिलं. 'सहभागी व्हायला तयार आहात का?' या प्रश्नाखाली दोन बटणं आहेत. 'होय' दाबलं की सरळ पहिला प्रश्न येतो. 'नाही' दाबलं की आधी कारण निवडा. 'इतर' निवडलं तर किमान वीस अक्षरं टाइप करा. मग पुन्हा भेटीची तारीख टाका. मग सुपरवायझरना फोन केला का आणि किती वाजता, ते भरा. दारात उभं राहून एवढं करण्यापेक्षा "अहो काकू, दहाच मिनिटं लागतील, बसा ना" म्हणणं सोपं जातं. मीही म्हटलंय. एकदा नाही, कितीतरी वेळा.

माहितीपत्रक चार पानी. घड्याळ लावून मोठ्याने वाचून पाहिलं, अकरा मिनिटं लागली. दिवसाचं टार्गेट गाठायचं तर अकरा मिनिटं कुणी देऊ शकत नाही, त्यामुळे ते दोनेक मिनिटांत उरकतं. गंमत म्हणजे कुठल्या पानावर किती वेळ गेला ते टॅब नोंदवत असतो. बघायचं ठरवलं तर कुणालाही दिसेल.

इथे संशोधन, वैद्यक, आकडेवारीतले बरेच जण आहेत म्हणून विचारते. ही अशी घेतलेली संमती म्हणजे संमती का? आणि मी एकटीने काय वेगळं करावं?

खवचट_खार

ताई, राग मानू नका, पण तिळाचा ताड होतोय. तुम्ही नवीन औषध थोडंच टोचताय? चार प्रश्न, एक थेंब रक्त. लोक मोबाईलवर कुठलंही अॅप घेताना न वाचता 'मान्य आहे' दाबतात. आणि प्रत्येक जण नाही म्हणायला लागला तर आजार कुठे वाढलाय ते कळणार कसं?

जुनी_फाईल

खारूताई, "औषध थोडंच टोचताय" हा युक्तिवाद बराच जुना आहे आणि त्याने माणसं मेली आहेत.

टस्कीगी. १९३२ साली अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने अलाबामातल्या मेकन काउंटीत सुमारे ६०० कृष्णवर्णीय पुरुषांचा अभ्यास सुरू केला. ३९९ जणांना सिफिलिस होता, २०१ जणांना नव्हता. कुणालाही नवं औषध दिलं नाही. फक्त बघत राहायचं, उपचार न केलेला आजार शरीरात काय करतो ते. त्यांना आजाराचं नावही सांगितलं नाही, "तुमचं रक्त बिघडलंय" एवढंच. पाठीच्या कण्यातून पाणी काढायची वेळ आली तेव्हा लोक येणार नाहीत म्हणून पत्रं पाठवली. ती तपासणी होती, उपचार नव्हता. पत्रात मात्र लिहिलं की ही खास मोफत उपचाराची शेवटची संधी आहे. १९४७ च्या सुमाराला पेनिसिलिन हा सिफिलिसवरचा नेहमीचा उपचार झाला, तरी ते यांच्यापर्यंत पोचू दिलं नाही. पीटर बक्स्टन नावाचा आरोग्य सेवेतलाच कर्मचारी १९६६ पासून आत तक्रारी करत होता. कुणी ऐकेना, तेव्हा त्याने माहिती पत्रकारांपर्यंत पोचवली आणि जुलै १९७२ मध्ये जीन हेलर यांची बातमी छापून आली. तेव्हा कुठे ते थांबलं. चाळीस वर्षं. राष्ट्राध्यक्षांची माफी यायला १९९७ उजाडलं.

त्याहून साधं उदाहरण हवं असेल तर बाल्टिमोरचं घ्या. १९९० च्या दशकात केनेडी क्रीगर संस्थेच्या संशोधकांना बघायचं होतं की जुन्या भाड्याच्या घरांतला शिशाचा रंग कमी खर्चात, अर्धामुर्धा काढला तर मुलांच्या रक्तातलं शिसं किती राहतं. घरांची वेगवेगळ्या पातळीपर्यंत दुरुस्ती केली, तिथे लहान मुलं असलेली कुटुंबं राहिली आणि मुलांचं रक्त ठरावीक काळाने तपासलं. औषध नाही, इंजेक्शन नाही. हेतूही वाईट नव्हता, गरीब वस्तीत परवडेल असा उपाय शोधायचा होता. प्रकरण मेरीलँडच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २००१ मध्ये न्यायालयाने त्यावर फार कडक शब्दांत ताशेरे ओढले. मुलांच्या शरीरात शिसं साठू शकतं आणि अभ्यास त्यावरच आहे, हे पालकांना संमतिपत्रात स्पष्ट सांगितलं नव्हतं. मोजमाप करणाराही जबाबदार असतो, तो असा.

खवचट_खार

टस्कीगी माहीत होतं, शिशाचं नव्हतं. वाचतो आहे. (आणि 'खारूताई' नको, मी बाप्या आहे.)

शब्दकोडं

धागा माझ्या पोटापाण्याचा निघाला. मी संमतिपत्रांचे मराठी अनुवाद करते. धागाकर्तीने चार पानांचं लिहिलंय, त्या चार पानांत काय असतं ते मी सांगते.

'चाचणी' हा शब्द घ्या. रक्ताची चाचणी म्हणजे तपासणी. औषधाची चाचणी म्हणजे प्रयोग. आपल्याकडे दोन्हींना एकच शब्द. "तुम्हाला एका चाचणीत सहभागी होण्याची विनंती आहे" असं लिहिलं की ऐकणाऱ्याला वाटतं, चला, फुकटात तपासून मिळतंय. एका मसुद्यात मी 'प्रयोग' लिहिलं तर वरून शेरा आला, 'लोक घाबरतील, बदला.' म्हणजे समजलं तर घाबरतील हे लिहिणाऱ्यालाही माहीत होतं.

दुसरा शब्द 'यादृच्छिक'. "आपली निवड यादृच्छिक पद्धतीने झाली आहे." हा शब्द मी फक्त माझ्याच अनुवादांत पाहिलाय. "चिठ्ठ्या टाकून तुमचं नाव निघालं, कुणी मुद्दाम निवडलेलं नाही" असं लिहिलं की एका दमात कळतं. पण संशोधनाला मान्यता देणाऱ्या एथिक्स कमिटीतल्या एका सदस्यांना चिठ्ठी 'अशास्त्रीय' वाटली. शेवटी दोन्ही छापलं.

तिसरा, 'गुप्त'. लैंगिक आरोग्याच्या सर्वेक्षणात "तुमची माहिती गुप्त ठेवली जाईल" हे वाक्य होतं. वाचणाऱ्या मुलीने मला सांगितलं, 'गुप्त' म्हटलं की बायका एकमेकींकडे बघतात, कारण पुढे 'रोग' आपोआप ऐकू येतो. आता मी लिहिते, "तुमचं नाव आणि तुम्ही सांगितलेलं आम्ही बाहेर कुणालाही सांगणार नाही." वाक्य लांबतं, हरकत नाही.

आणि 'नमुना'. "आम्ही तुमचा नमुना घेऊ." यावर मी काही बोलत नाही, आपापल्या घरातले नमुने आठवा.

अनुवाद तपासायला उलटा अनुवाद करतात, मराठीवरून पुन्हा इंग्रजी, आणि मूळ मजकुराशी ताडून बघतात. त्यात 'यादृच्छिक' शंभर टक्के पास होतो. 'चिठ्ठ्या टाकून' नापास.

अवांतर: माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनासाठीचा हेलसिंकी जाहीरनामा १९६४ चा. २०२४ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली, तीही हेलसिंकीतच. तिच्यात ज्यांच्यावर संशोधन होतं त्यांच्यासाठीचा जुना शब्द, ज्याचा अर्थ जवळपास 'प्रयोगाचा विषय' असा होतो, काढून 'सहभागी' केला. मराठीत आम्ही कितीतरी आधीपासून 'सहभागी'च लिहितो. शब्दापुरते पुढे आहोत म्हणायचं.

रांगेतला_शेवटचा

शब्दकोडं, +१. 'नमुना' वाचून चहा सांडला.

साथीच्या_पाठीवर

साथरोगशास्त्रात काम करतो. थोडी उलटी बाजू मांडतो, कारण धागा "प्रत्येक वेळी प्रत्येकाची सही हवीच" या दिशेला चाललाय आणि ते खरं नाही.

सार्वजनिक आरोग्याच्या कामाचा मोठा भाग संशोधनात मोडत नाही, त्याला देखरेख म्हणतात. गोवर निघाला की डॉक्टरने कळवायचं, त्यासाठी रुग्णाची संमती लागत नाही आणि लागूही नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये देखरेखीच्या नीतीवर १७ मार्गदर्शक सूत्रं काढली. त्यांत सरळ म्हटलंय की खरी, पूर्ण माहिती हवी असेल तिथे, नीट संरक्षण असेल तर, लोकांनी या माहितीत भर घालावी ही अपेक्षा रास्त आहे.

संशोधनातही संमतीतून सूट मिळू शकते. सीआयओएमएस या वैद्यकीय संस्थांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तीन अटी आहेत: सूट दिल्याशिवाय अभ्यास करणं शक्य किंवा व्यवहार्य नसावं, समाजाला त्याचं महत्त्वाचं मोल असावं आणि सहभागींना किमान जोखमीपेक्षा जास्त धोका नसावा. तिन्ही एकदम. आणि हे एथिक्स कमिटीने ठरवायचं, संशोधकाने परस्पर नाही. लोक नेमकं हेच विसरतात.

वस्तीच एकक असते तेव्हा तर आणखी गुंता. अर्ध्या वस्त्यांच्या पाण्याच्या टाकीत नवीन पद्धतीने क्लोरीन टाकायचं, अर्ध्यांत जुन्या, आणि जुलाबाचं प्रमाण बघायचं. एका घराने नाही म्हटलं तर? पाणी तर तेच येणार. अशा अभ्यासांसाठी २०१२ मध्ये ओटावा निवेदन आलं. त्याचा सूर असा की वस्तीच्या प्रमुखाला 'आत या' म्हणायचा अधिकार असेल, पण तेवढ्याने प्रत्येक माणसाची संमती मिळाली असं होत नाही. रक्त घ्यायचं, घरात येऊन विचारायचं तर त्या त्या माणसाला वेगळं विचारायलाच हवं.

धागाकर्तीच्या सर्व्हेला यातलं काहीच लागू नाही. तिथे समोर जिवंत माणूस बसलंय, त्याला विचारणं सहज शक्य आहे. मग नीट विचारायला नको?

आकडेमोड

नीतीचं राहू द्या, शून्य नकार हा माझ्या दृष्टीने थेट डेटाचा दोष आहे. प्रत्येक मुलाखतकाराचा नकाराचा आकडा वेगळा काढा. बाकीच्यांना थोडेफार नकार आणि एकाला शून्य, तर तो एक तरी फार गोड बोलतो, किंवा रिकामी घरं बदलून शेजारचं 'तयार' घर घेतो, किंवा झाडाखाली बसून अर्ज भरतो. तिसरा प्रकार तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जास्त असतो. आणि दबावाखाली हो म्हटलेला माणूस उत्तरंही उरकून देतो, सलग 'नाही, नाही, नाही', कारण प्रत्येक 'हो' मागे चार उपप्रश्न येतात हे त्याला तिसऱ्या प्रश्नातच कळलेलं असतं. असा डेटा माझ्याकडे येतो आणि मी त्यावर दशांश चिन्हापुढे दोन आकडे काढतो.

टाळ्या वाजवणाऱ्यांना हे जरूर सांगा.

जुनी_फाईल

सहीबद्दल थोडं राहिलं.

१९०० साली क्यूबात वॉल्टर रीड पीतज्वरावर प्रयोग करत होते. डासांनी ताप पसरतो का, ते माणसाला डास चावू देऊनच बघायचं होतं. त्यांनी स्वयंसेवकांशी लेखी करार केले, इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत. सहभागी झालं तर सोन्याच्या नाण्यांत १०० डॉलर, ताप आला तर आणखी १००. जिवाला धोका आहे हेही लिहिलं होतं. इथवर वाचून वाटतं, वा. पण त्याच करारात असंही आहे की या बेटावर राहिलात तर हा ताप तुम्हाला टळणार नाहीच, तेव्हा इथे आमच्या देखरेखीखाली झालेला काय वाईट. आणि प्रयोग संपण्याआधी छावणी सोडली तर पैशावरचा हक्क गेला. म्हणजे मधेच निघून जाण्याची मुभा, जी आज संमतीचा कणा मानतात, तीच नव्हती.

त्याच वर्षी प्रशियात, म्हणजे तेव्हाच्या जर्मनीतल्या एका राज्यात, वेगळीच गोष्ट. आल्बर्ट नायसर या नामांकित त्वचारोगतज्ज्ञाने सिफिलिसच्या रुग्णांच्या रक्तातला द्रव काही स्त्रियांना न विचारता टोचला होता. त्यावरून गदारोळ झाला, दंड झाला, आणि डिसेंबर १९०० मध्ये सरकारी आदेश निघाला: संभाव्य दुष्परिणाम नीट समजावून सांगितल्याशिवाय आणि स्पष्ट संमतीशिवाय उपचारेतर प्रयोग करायचे नाहीत, अल्पवयीन मुलांवर तर नाहीच. १९३१ मध्ये जर्मनीने याहून सविस्तर नियम केले. त्यानंतर तिथल्या छळछावण्यांत डॉक्टरांनी काय केलं ते सगळ्यांना माहीत आहे. त्या डॉक्टरांवरच्या खटल्यातून आलेली न्यूरेंबर्ग संहिता १९४७ ची. "संमतीचा विचारच तेव्हा नवा होता" असं कुणी म्हणालं तर त्याला १९०० चा आदेश दाखवा.

ओंजळभर

सही होती, तरी फसवणूक झाल्याचं उदाहरण: हावासुपाई. ग्रँड कॅन्यनमध्ये राहणारी ही छोटी आदिवासी जमात. त्यांच्यात मधुमेह फार. १९९० पासून अॅरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी मधुमेहाचं कारण शोधायला म्हणून रक्त घेतलं. पुढे तेच रक्त स्किझोफ्रेनिया, अंतर्गत विवाह आणि 'ही जमात मुळात कुठून आली' अशा अभ्यासांत वापरलं. शेवटच्या विषयाने तर त्यांच्या उत्पत्तीच्या श्रद्धेलाच हात घातला. कागदावरचा शब्दप्रयोग ऐसपैस होता, वर्तन आणि वैद्यकीय विकारांची कारणं अशा थाटाचा. तोंडी बोलणं मधुमेहाचं झालं होतं. लोकांनी सही केली ती तोंडच्या शब्दावर. २०१० मध्ये विद्यापीठाने तडजोड केली, ७ लाख डॉलर दिले आणि उरलेलं रक्त परत केलं. जमातीच्या लोकांनी फ्रीजरमधून आपल्या माणसांचं रक्त परत नेलं.

"नावं काढून टाकलीत, मग काय?" असं कुणी म्हणण्याआधी सांगते. लॅटान्या स्वीनी यांनी २००० साली दाखवलं की अमेरिकेतली सुमारे ८७ टक्के माणसं फक्त पिनकोड, जन्मतारीख आणि लिंग एवढ्यावरून एकमेव ओळखू येण्याजोगी आहेत. टॅबवर ह्यातलं काय काय भरता, टकटकताई?

दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांनी २०१७ मध्ये संशोधकांसाठी स्वतःचीच आचारसंहिता केली. त्यांचं म्हणणं साधं आहे: यायचं तर दारातून या, खिडकीतून नको.

दारावरची_टकटक

@ओंजळभर, तिन्ही भरतो. वर घराचं जीपीएस.

पाणक्या

दुसऱ्या बाजूचा आहे म्हणून लिहितो. आईवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच एका अभ्यासात तिला घ्यायचं सुचवलं. कागद दिला, "घरी नेऊन वाचा, काही घाई नाही" म्हणाले. अगदी नियमाप्रमाणे. माणूस चांगला, आजही त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण आई म्हणाली, "नाही म्हटलं तर पुढच्या वेळी त्यांच्या तोंडाकडे कसं बघायचं?" आणि सही केली. आत ठळक अक्षरांत होतं की नकार दिल्यास उपचारांवर परिणाम होणार नाही. मी तिला ते दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तसं लिहावंच लागत असणार."

शेवटपर्यंत तिला वाटत होतं की तिच्यासाठी कुठलं औषध चांगलं ते डॉक्टरांनी निवडलंय. निवड संगणकाने केली होती, चिठ्ठी टाकल्यासारखी. ते मी तिला सांगितलं नाही.

साथीच्या_पाठीवर

पाणक्या, संशोधनालाच आपल्यासाठी निवडलेला उपचार समजणं, याला नाव आहे, उपचाराचा गैरसमज. १९८२ मध्ये पॉल अॅपेलबॉम आणि सहकाऱ्यांनी ते दिलं. म्हणूनच शक्य तिथे उपचार करणाऱ्याने संमती घेऊ नये, वेगळ्या माणसाने घ्यावी असं सांगतात. पण तुमच्या आईच्या पहिल्या प्रश्नावर मला उत्तर माहीत नाही.

धागाकर्ती, तुमच्या "मी एकटीने काय करू" वर: २००४ मध्ये फ्लोरी आणि इमॅन्युएल यांनी संमती सुधारण्याच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला होता. व्हिडिओ आणि तत्सम साधनांनी समज फारशी वाढत नव्हती. समोरासमोर जास्त वेळ बोलणं, हाच उपाय त्यातल्या त्यात चालत होता. पैसे देणाऱ्यांना हे आवडत नाही, कारण व्हिडिओ एकदाच बनवावा लागतो आणि तुम्हाला रोज पगार द्यावा लागतो. एक करून बघा. सांगून झालं की "समजलं का?" विचारू नका, सगळे हो म्हणतात. "आता मी काय करणार आहे ते तुम्ही मला सांगा" असं विचारा.

खवचट_खार

माझा पहिला प्रतिसाद संपादित करावासा वाटतोय, पण राहू दे, पुढचे प्रतिसाद त्याच्यावरच उभे आहेत. अॅपवर 'मान्य आहे' दाबतो तेव्हा निदान समोर कुणी बसलेलं नसतं.

दारावरची_टकटक

नऊ दिवसांनी लिहिते आहे, कामावर होते.

साथीच्या_पाठीवर यांनी सांगितलं ते करून पाहिलं. पहिल्या दिवशी फक्त तीन घरं झाली आणि बोलणी खाल्ली. दुसऱ्या दिवशी एका बाईंना सगळं सांगितलं आणि विचारलं, "आता मी काय करणार आहे, तुम्ही सांगा बघू." त्या म्हणाल्या, "तुम्ही रक्त घेणार आणि साखर निघाली तर गोळ्या आणून देणार." त्यांच्याआधी कितीजणींनी ह्याच समजुतीने बोट पुढे केलं असेल कुणास ठाऊक. मी म्हटलं, काकू, गोळ्या नाही मिळणार. आकडा सांगू आणि दवाखान्यात जायची चिठ्ठी देऊ, बाकी माहिती अभ्यासाला जाईल. त्यांनी थोडा विचार केला, मुलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "मग राहू द्या. तुम्ही पाणी घ्या पण."

पाणी प्यायले. 'नाही' दाबलं. कारण, इतर. किमान वीस अक्षरांच्या चौकटीत टाइप केलं: सगळं नीट समजून घेतलं आणि मग नको म्हणाल्या.

सुपरवायझरचा फोन आलाच. "काय कमी पडलं तुझं?"

खवचट_खार

अक्षरं मोजली. एकवीस भरली.